मसाई पठार, दीड किलोचं ओझं आणि माझ्याच शेतातला धूर



या पानावर मी एरवी ऊस, हरभरा, हुमणी, ठिबक असलं लिहितो. आज डोंगरावरचं लिहितोय. काहीजण म्हणतील, या माणसाचं शेतातलं काम संपलेलं दिसतंय. काम संपलेलं नाही. तोडणीची टोळी यायला अजून आठवडा आहे म्हणून लिहायला सवड मिळाली. आणि लिहितोय त्याचा शेवट शेतातच होतो, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

जयसिंगपूर म्हटलं की लोकांना ऊस दराचं आंदोलन आठवतं. डोंगर कुणालाच आठवत नाही, आणि आठवायचं कारणही नाही. शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावानं वसवलेलं हे गाव. गल्ल्यासुद्धा पट्टीनं आखल्यासारख्या, आणि भोवतीनं सगळं काळं सपाट शिवार. आमच्याकडं उंच म्हणजे कारखान्याची चिमणी नाहीतर पाण्याची टाकी. पन्नाशीला टेकेपर्यंत मी डोंगरावर गेलो तो देवासाठीच. जोतिबा, रामलिंग, बाहुबली. वर जायचं, दर्शन घ्यायचं, शिदोरी सोडायची, खाली यायचं. डोंगर बघायचा म्हणून डोंगरावर जायचं, हे आमच्यात कुणी करत नव्हतं.

मला ती सवय लागली महापुरामुळं.

२०१९ चा ऑगस्ट शिरोळ तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. कृष्णाकाठी आमची दीड एकर मळी आहे. त्यात आडसाली ऊस होता, तेरा महिन्यांचा, बघणारा थांबून बघायचा असा. शेंड्यावरनं पाणी गेलं आणि बारा दिवस हललं नाही. पाणी उतरल्यावर शेतात गेलो तर शेंडे कुजलेले, सगळ्या रानाला वास सुटलेला. विम्याचं, पंचनाम्याचं तुम्हाला माहीत आहे, ते परत सांगत नाही. मी मात्र पुढं महिनाभर रोज सकाळी उठून त्या बांधावर नुसता जाऊन बसायचो. करायचं काही नव्हतं.

आमची मंडळी एक दिवस म्हणाली, "जावा वो जरा कुठंतरी फिरून या. तुमी बसला म्हणून ऊस उभा राहायचा न्हाई."

माझा एक भाचा कृषी पदवीधर आहे, त्याला फोटोचं वेड. तो म्हणाला, "मामा, रविवारी मसाई पठारावर चाललोय, चला." पहाटे साडेतीनला मोटारसायकलवर निघालो. हातकणंगले, कोल्हापूर, पन्हाळा आणि पुढं पठार.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पन्हाळ्याच्या पश्चिमेला जांभ्या दगडाचं हे लांबच लांब पठार आहे. एकसारखं नाही, टप्प्याटप्प्यानं पसरलेलं. वर मसाईदेवीचं देऊळ, कड्याला पांडवदऱ्याची जुनी लेणी. शिवाजी महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले आणि विशाळगडाकडं गेले, ती वाट याच पठारावरनं जाते. म्हणून जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या मोहिमा इथनं जातात, तेव्हा गर्दी असते. एरवी शांत. पन्हाळ्यावर आता गर्दी वाढतच जाणार, कारण २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात पन्हाळा आहे. साताऱ्याच्या कास पठाराचं आपण बघितलंच, २०१२ ला यादीत आलं आणि आता सप्टेंबरात बुकिंग करून फुलं बघायची वेळ आलीय. त्यामानानं मसाई अजून मोकळं आहे.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. मी शेतकरी माणूस, पहिलं बघितली ती माती. माती म्हणावी अशी नाहीच. खडकावर बोटभर थर, त्यात पाणी साचलेलं. आपल्या काळ्या रानात टिकाव सहज दांड्यापर्यंत जातो, इथं कुदळ मारली तर ठिणगी उडेल. आणि तेवढ्यात सोनकी, तेरडा, पांढरे गेंद, असं दिसेल तिकडं फुललेलं. एक जांभळं-निळं बारीक फूल भाच्यानं गुडघ्यावर बसून दाखवलं. सीतेची आसवं. म्हणाला, "मामा, या जमिनीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून हे झाड मुळाजवळच्या बारक्या पिशव्यांत किडे पकडून खातं." मी म्हटलं, बरोबर आहे, खत मिळालं नाही की झाडाला पण मटण खायची पाळी येते. दोघंही हसलो. महापुरानंतर मी हसलो तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मोबाईलवर मी तीनशे फोटो काढले. घरी येऊन बघितले तर एकही धड नाही. पण पुढच्या रविवारी परत जावंसं वाटलं.

आता माझी चूक सांगतो. २०२० ला उसाचं बिल आलं त्यातनं एक मोठा सेकंडहॅन्ड कॅमेरा घेतला, दोन लेन्सा, लोखंडासारखा जड ट्रायपॉड, आणि सगळं मावेल अशी बॅग. मला वाटलं अवजार चांगलं असलं की पीक चांगलं येतं. घरच्या भाजीच्या काट्यावर बॅग ठेवली, पाण्याची बाटली सोडून साडेसात किलो भरली. मी म्हटलं, हे काय ओझं आहे? सोळा लिटरचा औषधाचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो, तो पाठीवर घेऊन आपण दिवसभर सरीतनं चालतो.

पण सरी सपाट असते हे मी विसरलो. आणि पंप फवारेल तसा हलका होत जातो, कॅमेऱ्याची बॅग सकाळपेक्षा संध्याकाळी जड लागते.

२०२१ च्या सप्टेंबरात एकटाच गेलो. त्या वर्षीही जुलैच्या शेवटी पुराचं पाणी येऊन गेलं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. पांडवदऱ्याकडनं वर येताना शेवाळलेल्या जांभ्यावर पाय घसरला. बॅगेच्या वजनानं मागं ओढलं. हात टेकायचा तर हातात ट्रायपॉड. गुडघा दगडावर आणि लेन्स दगडावर एकदमच आदळली. लेन्सची काच तडकली. गुडघ्याला दोन महिने मलम चोळलं.

तेवढ्यावर भागलं नाही. उठून थोडं चाललो आणि धुकं आलं. ज्यांनी पठारावरचं धुकं बघितलं नाही त्यांना पटणार नाही, पण पसरलेल्या हाताचा पंजा दिसत नव्हता. डोंगराला चढउतार असतो, त्यावरनं दिशा कळते. पठाराला तेही नाही. चारीकडं सारखंच, आणि कुठंतरी कडा. मोबाईलला रेंज नाही. मी चालत राहिलो. आपण घाबरलो की चालत राहतो, तसं.

घंटीचा आवाज आला म्हणून थांबलो. म्हशींबरोबर एक म्हातारा धनगर होता, डोक्यावर घोंगड्याची खोळ. म्हणाला,

"काय वो पाव्हणं, वाट चुकलाईसा?"

"व्हय आबा, दिशाच कळंना झालीय."

"कळायची न्हाई. धुकं पडलं की चालायचं नस्तंय. बसायचं. जनावरंबी बसत्यात बघा."

बसलो. त्यानं तंबाखू मळली. कुठलं गाव विचारलं. जयसिंगपूर म्हटल्यावर थोडा विचार केला.

"म्हंजी वाडीच्या अंगाला. औंदा पानी आल्तं न्हवं तुमच्यात?"

"आल्तं."

"आमचंच पानी त्ये," तो म्हणाला. काठीनं धुक्यातच दोन्हीकडं दाखवलं. "ह्या अंगाचं वारणंला जातंय. त्या अंगाचं कासारीला."

तासाभरानं धुकं उठलं. त्यानं वाटेला लावून दिलं. गुडघा दुखत होता, खांद्यावर साडेसात किलो होते, पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेवढंच एक वाक्य होतं.

मंडळी, नकाशा घेऊन बसा. मसाईच्या उत्तरेला पडलेला थेंब ओढ्यानाल्यातनं वारणेला जातो. वारणा हरिपूरला कृष्णेत मिसळते आणि ते पाणी उदगाववरनं आमच्या काठाला येतं. दक्षिणेला पडलेला थेंब कासारीत जातो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते आणि ती कोल्हापूर, इचलकरंजीवरनं येऊन नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. म्हणजे पठारावर दोन हातांवर पडलेले दोन थेंब दोन नद्यांनी, शेकडो गावांच्या शिवारातनं जातात आणि शेवटी भेटतात ते आमच्या शिरोळ तालुक्यात.

गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या तालुक्यात पाचशेच्या आसपास. हे आकडे मी शाळेपासनं ऐकत आलो होतो. पण मी दर पुराला फक्त शिव्या घातल्या, कधी धरणाला, कधी खालच्या राज्याला. ते वाद आहेत, ते व्हायला पाहिजेत, धरणाच्या पाण्याचा हिशेब मागायलाच पाहिजे. पण माझ्या रानात येणारं पाणी कुठं पडतं ती जागा पन्नास वर्षांत एकदाही बघितली नव्हती. बोटभर मातीचा तो खडक बघितल्यावर कळलं की तिथं पाणी थांबणार तरी कुठं.

तिथनं आल्यावर मोठा कॅमेरा विकून टाकला. घेतलेल्या किमतीच्या निम्मे पण आले नाहीत. भाच्याला सांगितलं, आता हलकं काहीतरी सांग. त्यानं खिशात मावेल असा एक जुना छोटा कॅमेरा बघून दिला. कधी तो नेतो, कधी नुसता मोबाईल. माझं सामान सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा.

१) काठी. वेळूची, छातीएवढी. वरच्या टोकाला लेथवाल्याकडनं पाव इंची बोल्ट बसवून घेतलाय, इंचाला वीस आट्यांचा. बहुतेक सगळ्या कॅमेऱ्यांच्या बुडाला तोच आटा असतो. चालताना आधार, थांबल्यावर कॅमेऱ्याचा एक पाय. ट्रायपॉडचं काम सगळं होत नाही, पण पाऊण होतं. बोल्टला रबरी टोपण घाला, नाहीतर तळहात सोलतो.

२) कापडी पिशवी, मूठभर शाळू घातलेली. दगडावर पिशवी ठेवायची, त्यात मोबाईल रुतवायचा. हलत नाही. अंधुक उजेडात ही पिशवी मोठ्या ट्रायपॉडला भारी पडते.

३) खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी, स्वच्छ धुऊन वाळवलेली. पाऊस आला की सगळं सामान त्यात. घट्ट पीळ घालून बांधली की पाणी जात नाही.

४) जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा. आपल्या मोबाईलच्या काचेला कायम हाताचं तेल नाहीतर घाम लागलेला असतो. धुरकट फोटो येतो म्हणून आपण मोबाईलला नावं ठेवतो, आधी काच पुसून बघा.

५) पाणी, दोन भाकऱ्या, चटणी, गूळ, शिट्टी, बॅटरी, आणि एक पातळ वही.

पाणी-भाकरी सोडून हे सगळं दीड किलो भरतं, काठी हातात असते ती वेगळी. खांदा मोकळा, हात मोकळे. घसरलं तर दोन्ही हात टेकता येतात. गुडघ्यानंतर मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

फोटोचं पण थोडं सांगतो. मी काही तज्ज्ञ नाही, पण पाच-सहा वर्षांत एवढं कळलं. दुपारी अकरा ते चार डोंगराचा फोटो काढू नये, सगळं चपटं दिसतं. सकाळी आणि संध्याकाळी ऊन आडवं येतं, तेव्हा प्रत्येक घडी, प्रत्येक ओहोळ उठून दिसतो. नांगरट केलेलं रान सकाळी कसं ढेकळं मोजता येतील असं दिसतं, तसंच. मोबाईलवर आकाश पांढरं पडत असेल तर पडद्यावर आकाशावर बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा. दोन बोटांनी चित्र मोठं करून फोटो काढू नका, त्यापेक्षा चार पावलं पुढं चाला, पण मागं-पुढं कडा बघून. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हा लांबच्या रांगा निळ्या होत एकामागं एक दिसतात.

आणि मोजून काढा. भाच्यानं मला एका अमेरिकन माणसाची गोष्ट सांगितली, ॲन्सेल ॲडम्स. १९२७ साली तो योसेमिटी नावाच्या डोंगरात मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन बर्फातनं चढला. हाफ डोम नावाच्या कड्यासमोर पोचला तेव्हा दोनच प्लेटा उरल्या होत्या. एक साध्या पद्धतीनं काढली. मग वाटलं, मनात दिसतंय तसं हे येणार नाही. म्हणून शेवटच्या प्लेटेला लाल काच लावली, त्यानं आकाश काळंभोर आलं आणि कडा उजळला. तोच फोटो जगभर गाजला. मी त्यावरनं एक नियम केलाय. दिवसाला छत्तीस फोटो. पूर्वीच्या रोलात छत्तीसच यायचे. छत्तीस संपले की कॅमेरा पिशवीत आणि आपण दगडावर. त्या बसण्यातच जास्त दिसतं.

मसाईवर माझा एक दगड ठरलेला आहे. वर्षातनं तीनदा जातो, जूनच्या पहिल्या पावसानंतर, सप्टेंबरच्या शेवटी, आणि जानेवारीत. त्याच दगडावर, त्याच बाजूला तोंड करून, मागच्या वर्षीच्या फोटोची छापील प्रत हातात धरून, तीच रांग, तेच झाड जुळवून एक फोटो. वहीत तारीख, वेळ, वारा, काय फुललं ते. आपण माती परीक्षणाला दरवेळी एकाच पद्धतीनं नमुना काढतो, तेव्हाच तुलना होते. हे तसंच आहे.

आता जे सांगायला एवढं लिहिलं तिकडं येतो.

मसाई लांब पडतं, म्हणून अधनंमधनं संध्याकाळी जवळच्या कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर जातो. खाली देवळाकडं भाविकांची वर्दळ असते, पण मागच्या अंगाला वर गेलं की कुणी नसतं. २०२३ चा जानेवारी. सगळे लोक मावळत्या सूर्याकडं तोंड करून फोटो काढतात. मी सूर्याकडं पाठ केली. पूर्वेला आमचं सगळं शिवार पसरलेलं, त्यावर तिरकं ऊन, आणि रानावर पातळ मलमलीसारखा एक थर आडवा पसरलेला. वर गुलाबी पट्टा. मधनं काही ठिकाणी पांढऱ्या कांड्या उभ्या. काठीवर मोबाईल बसवला, श्वास धरून फोटो काढला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो. याच पानावर टाकला आणि वर लिहिलं, "आमच्या शिवारावर उतरलेलं धुकं." जुन्या वाचकांना आठवत असेल. खूप जणांनी वाहवा केली.

रात्री भाच्याचा फोन. "मामा, फोटो झकास. पण संध्याकाळी सहा वाजता कुठलं धुकं?"

मी गप्प बसलो. धुकं पहाटेचं असतं हे मला शिकवायला पाहिजे होतं का? आयुष्य रानात गेलं. फोटो मोठा करून बघितला. पांढऱ्या कांड्या मोजल्या. नऊ होत्या. नऊ रानांत पाचट पेटलेलं होतं. थंडीच्या संध्याकाळी जमिनीलगतची हवा लवकर गार होते, वरची ऊबदार राहते, त्यामुळं धूर वर निघून जात नाही, झाकण ठेवल्यासारखा आडवा पसरतो. मी ज्याला मलमल म्हटलं ते तेच होतं.

मग वेळ बघितली. फोटोवर सहा वाजून चार मिनिटं. फोनमध्ये थोरल्याचा आलेला कॉल, पाच वाजून बावन्न. तो कॉल मला आठवत होता. डोंगर चढता चढताच घेतला होता. "बाबा, वारा पडलाय, पाचट पेटवू का?" आणि मी म्हटलं होतं, "पेटव."

उजवीकडनं तिसरी कांडी. टाकीच्या जरा पलीकडं. ते आमचंच रान.

मंडळी, मला कुणी बोललं नव्हतं. कुणी तक्रार केली नव्हती. पाचट न जाळायचं व्याख्यान मी चार वेळा ऐकलंय, एकदा तर पुढच्या ओळीत बसून टाळ्या वाजवल्यात. पण बांधावर उभं राहून बघितलं की आपला धूर आपल्याला दहा मिनिटांचा वाटतो. वाऱ्याबरोबर गेला, संपला. वरनं बघितलं तेव्हा कळलं, तो कुठं गेला नव्हता. तिथंच होता, सगळ्यांच्या घरांवर. माझी म्हातारी आई दर जानेवारीत खोकते आणि आम्ही म्हणायचो, थंडी बाधली.

धनगर आबा सहज म्हणाला होता, आमचंच पानी त्ये. मी त्या दिवशी फोटोकडं बघत म्हटलं, आमचाच धूर हा.

त्या वर्षापासनं खोडव्यात पाचट जाळलेलं नाही. कसं करतो ते कृषीवाले मित्र जास्त चांगलं सांगतील, माझी पद्धत थोडक्यात अशी. तोड झाली की पाचट सरीत दाबून बसवायचं, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटायचे. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन, ही शिफारस आहे, तीच वापरतो. मग पाणी. पहिलं पाणी पुढं सरकायला वेळ लागतो, पाणी पाजणारा कुरकुरतो, उंदीर पण वाढलेले वाटतात. हे लपवत नाही. पण तण निम्म्यावर आलं, एक-दोन पाणी वाचलं, आणि दुसऱ्या वर्षी खुरपं मारलं तर गांडूळ दिसलं. नदीकाठच्या मळीत मात्र अजून धाकधूक असते. पूर आला तर पाचटासकट सगळं जाणार. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. मळीतला आडसाली मी बंद केलाय, तिथं आता पाणी उतरल्यावर घेता येईल असंच पीक धरतो.

या जानेवारीत परत त्याच ठिकाणी, त्याच वेळी बाहुबलीवर गेलो. फोटो काढला. कांड्या सात होत्या. टाकीच्या पलीकडं मोकळं होतं. माझ्या एका रानानं आकाश निवळत नाही हे त्या फोटोत स्वच्छ दिसतं. म्हणून यावेळी तो फोटो काढल्या दिवशी टाकला नाही. त्या सातांतल्या दोघांना मी ओळखतो. एकाच्या घरी चहाला गेलो आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. काही बोललो नाही. त्यानं बराच वेळ बोटानं मोठं करून बघितलं, मग विचारलं, "हे कुठनं काढलंस?" मी म्हटलं, "चल की, दाखवतो."

तो आला. गुडघेदुखी त्यालाही आहे, सावकाश चढलो. वर बसून गूळ-शेंगा खाल्ल्या. जाळणार की नाही ते तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. आता त्याची तोड माझ्यानंतर दोन दिवसांनी आहे.

कुणाला हे करून बघायचं असेल तर लांब जायला नको. हातकणंगल्यात रामलिंग आहे, मिरज बाजूला दंडोबाचं जंगल आहे, सवड असेल तर चंदगडात पारगड, कलानिधीगड आहेत. नावाजलेल्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, साध्या वारी पहाटे जा. घरी सांगून जा. पावसात एकट्यानं कड्याकडं जाऊ नका आणि धुकं आलं तर बसा. पठारावर गाडी घालू नका, त्या बोटभर मातीत चाकाची रेघ उठली की लवकर बुजत नाही. फुलं तोडू नका. प्लास्टिक खाली आणा. धनगरवाड्यावर पाणी मागितलं तर मिळतं, पण जाताना त्यांच्या पोरांना काहीतरी खाऊ घेऊन जा.

माझी तोड आटोपली की जानेवारीतल्या पहिल्या मोकळ्या मंगळवारी मी मसाईला जाणार. पहाटे साडेतीनला स्टँडजवळनं निघेन. गाडीवर मागं एकाची जागा आहे. सामान मात्र मांडीवर मावेल एवढंच आणा.